फाशीचा भार पुराव्याला पेलतो का?

घर जळाल्यावर खिडकीच्या काचेवर कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक भेगांची नक्षी उमटते. अमेरिकेतले आगीचे तपासनीस कित्येक वर्षं ही नक्षी पाहून छातीठोकपणे सांगायचे, की आग नेहमीपेक्षा फार झपाट्याने तापली, म्हणजे कुणीतरी ज्वालाग्राही द्रव ओतून ती लावली. हे कुठल्याही प्रयोगशाळेत तपासून पाहिलेलं नव्हतं. जुन्या तपासनिसांनी नव्यांना सांगितलं, नव्यांनी ते पुस्तिकांत उतरवलं आणि कोर्टांनी शास्त्र म्हणून मान्य केलं. फाशी असावी की नसावी, या वादात आपण न्याय, सूड, दया, धाक अशा शब्दांवर खूप बोलतो. त्याआधी या काचेकडे पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कारण अशा खुणांच्या भरवशावर माणसाचा जीव घेतला गेला आहे.

23 डिसेंबर 1991 रोजी टेक्सासमधल्या कॉर्सिकाना या गावात एका घराला आग लागली. तीन लहान मुली त्यात गेल्या. त्यांचा बाप, कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम, बाहेर पडून वाचला. तपासनिसांना घरात तडकलेली काच दिसली, जमिनीवर द्रव सांडल्यासारखे वेडेवाकडे जळके पट्टे दिसले आणि आग एकाहून अधिक ठिकाणी सुरू झाल्याच्या खुणा दिसल्या. त्यांचा निष्कर्ष झाला: बापानेच घर पेटवलं. तपासलेल्या नमुन्यांपैकी फक्त पुढच्या दाराजवळच्या नमुन्यात ज्वालाग्राही द्रवाचा अंश सापडला, आणि त्याच ओसरीवर कोळशाची शेगडी नि ती पेटवायचा द्रव ठेवलेला होता. तुरुंगातल्या एका कैद्याने ‘याने माझ्यापाशी कबुली दिली’ अशी साक्षही दिली. 1992 मध्ये विलिंगहॅमला मृत्युदंड सुनावला गेला.

आता त्याच सुमाराला शास्त्र कुठे पोचलं होतं ते पाहू. 1990 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये लागलेल्या अशाच एका आगीबद्दल एका बापावर आरोप ठेवले गेले होते. तज्ज्ञांनी शेजारचं तसंच रिकामं घर मिळवलं, त्यात तसंच सामान मांडलं आणि द्रवाचा थेंबही न वापरता सोफा पेटवून दिला. साडेचार मिनिटांच्या आसपास अख्ख्या खोलीने पेट घेतला. याला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. बंद खोलीत धूर आणि गरम वायू छताखाली साठत जातात. त्यांचं तापमान साधारण 600 अंश सेल्सियसच्या घरात गेलं, की वरून खाली येणाऱ्या नुसत्या उष्णतेने खोलीतली प्रत्येक जळाऊ वस्तू जवळपास एकदम पेटते, जमीनसुद्धा. त्यानंतर दारा-खिडक्यांतून जिथे हवा मिळेल तिथे आग जास्त खोल जाळते. मग जमिनीवर जे वेडेवाकडे पट्टे उरतात, ते ओतलेल्या द्रवाच्या पट्ट्यांसारखेच दिसतात. नुसत्या नजरेने त्यांतला फरक सांगता येत नाही. आग एकाहून अधिक ठिकाणी सुरू झाल्याचा भासही यातूनच होतो. जॅक्सनव्हिलच्या त्या बापावरचे आरोप मागे घेतले गेले.

काचेचं कोडंही सुटलं. ऑक्टोबर 1991 मध्ये, म्हणजे कॉर्सिकानाच्या आगीच्या दोनच महिने आधी, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा लागून हजारो घरं जळाली. ही घरं कुणी आत द्रव ओतून पेटवली नव्हती, हे उघडच होतं. संशोधकांनी त्यांतली 50 घरं तपासली, तेव्हा काहींमध्ये अगदी तीच भेगाळलेली काच मिळाली. मग प्रयोग झाले. काच कितीही झपाट्याने तापवली तरी तशी नक्षी उमटेना. तापलेल्या काचेवर पाण्याचे थेंब पडले, की मात्र ती लगेच उमटे. म्हणजे ती खूण अग्निशमन दलाच्या पाण्याची होती. ज्यांनी आग विझवली त्यांच्या होजपाइपची खूण आरोपीच्या नावावर मांडली गेली होती.

विलिंगहॅमच्या खटल्यापर्यंत हे पोचलंच नाही. 2004 मध्ये जेराल्ड हर्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने त्याची फाइल वाचली आणि जाळपोळीचा एकही पुरावा टिकत नाही असा अहवाल गव्हर्नरच्या कार्यालयाकडे आणि माफी मंडळाकडे पाठवला. 17 फेब्रुवारी 2004 रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच टेक्सासमध्ये, अर्नेस्ट विलिस हा माणूस 17 वर्षं मृत्युदंडाच्या छायेत काढून सुटला. त्याच्यावरचा आरोपही आग लावल्याचाच होता, खुणा तशाच होत्या आणि त्या खोडून काढणाऱ्यांत हर्स्टच होते. दोघांच्या वाट्याला आलेलं विज्ञान एकच होतं. एकाच्या बाबतीत ते वेळेत ऐकलं गेलं.

अशा चुका किती होत असतील? नुसते सुटलेले लोक मोजून हे कळत नाही. अमेरिकेत 1973 ते 2004 या काळात मृत्युदंड झालेल्या 7,482 लोकांपैकी 117 जण पुढे निर्दोष ठरून सुटले, म्हणजे 1.6 टक्के. पण मृत्युदंड रद्द होऊन जन्मठेप झाली, की वकील, संस्था, वर्तमानपत्रं सगळ्यांचं लक्ष उडतं, आणि निर्दोषपणाचा शोध तिथेच थांबतो. कायद्याचे अमेरिकन प्राध्यापक सॅम्युअल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये यावर वैद्यकातली पद्धत वापरली. एखाद्या उपचाराची चाचणी चालू असताना काही रुग्ण मध्येच संपर्काबाहेर जातात, तरीही किती जण वाचतील याचा अंदाज संख्याशास्त्र बांधू शकतं. तसंच त्यांनी विचारलं, की हे सगळे कैदी मृत्युदंडाखालीच राहिले असते आणि त्यांच्या खटल्यांकडे तितकंच बारीक लक्ष राहिलं असतं, तर किती जण निर्दोष ठरले असते? उत्तर आलं, किमान 4.1 टक्के. शंभरातले चार. एवढ्या चुका करणारं यंत्र आपण इस्पितळात वापरू देणार नाही.

‘ते तिकडचं झालं,’ असं म्हणता येईल. म्हणून नाशिकचा खटला सांगतो. जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका वस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, आणि मुलीवर बलात्कार झाला. ऐकवत नाही इतका तो गुन्हा क्रूर होता. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेपेवर आणलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही बदलून पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. मार्च 2019 मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर 16 वर्षं गेली होती, आणि सहांमधला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही मधल्या काळात सिद्ध झालं होतं.

खटला उभा होता तो प्रत्यक्षदर्शी साक्षीवर. वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोन-तीन दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसं ओळखली होती. ती या सहांपैकी कुणीच नव्हती. ही गोष्ट बाजूला राहिली, आणि पुढे तिने आरोपींना ओळखलं ते तेवढं ग्राह्य धरलं गेलं.

त्या बाईंवर खोटेपणाचा आळ घेण्याचा प्रश्नच नाही. इथे आपल्या मेंदूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते आणि मधल्या काळात पाहिलेलं-ऐकलेलं तिच्यात मिसळून जातं. 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?’ आणि ‘गाड्या एकमेकींवर धडाडून आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ एवढ्या फरकाने लोकांनी सांगितलेला वेग सरासरी ताशी 9 मैलांनी बदलला. चेहऱ्याचंही असंच होतं. एकदा समोर आणलेला चेहरा पुढच्या वेळी ओळखीचा वाटतो, आणि तो नेमका कुठे पाहिला हे मेंदू विसरतो. म्हणून अलीकडच्या संशोधकांचा आग्रह आहे, की नीट घेतलेली पहिली ओळख हाच खरा पुरावा. कोर्टात वर्षा-दोन वर्षांनी ठाम आवाजात केलेली ओळख ऐकायला कितीही पटणारी असली, तरी तिचं मोल फार कमी. नाशिकच्या खटल्यात नेमकी पहिली ओळखच दडपली गेली.

फाशीने धाक बसतो, हा दुसरा मोठा मुद्दा. 1975 मध्ये अर्थशास्त्रज्ञ आयझॅक एर्लिक यांनी आकडेमोड करून मांडलं, की एका मृत्युदंडाने सुमारे आठ खून टळतात. त्यावर चाळीसेक वर्षं वाद झाला. 2012 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने सगळा अभ्यास चाळून सांगितलं, की या संशोधनातून धाक बसतो असंही सिद्ध होत नाही, बसत नाही असंही नाही, आणि धोरण ठरवताना ते वापरूच नये. यावर मला जास्त बोलायचं नाही. धाकाच्या नावावर जीव घ्यायचा असेल, तर पुरावा देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

उरतो तो प्रायश्चित्ताचा प्रश्न, आणि तो खरा आहे. कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांच्या मनात फाशीची मागणी होती. तिला रानटी म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. काही कृत्यं अशी असतात, की ती करणाऱ्याने जगण्याचा हक्क गमावला असं वाटणं माणुसकीला धरूनच असतं. एखादा माणूस मरणाला पात्र आहे का, हे कुठलाही प्रयोग सांगू शकणार नाही. पण हा माणूस तोच का, हा प्रश्न पूर्णपणे पुराव्याचा आहे, आणि तिथे विज्ञानाचं ऐकावंच लागतं. 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी घातली. ती गुन्ह्याचं आणि गुन्हेगाराचं वजन करते. पुरावा मिळवण्याची पद्धत किती वेळा चुकते, हे ती विचारत नाही. उलट गुन्हा जितका भयंकर, तितका कुणालातरी पकडण्याचा दबाव जास्त. म्हणजे चुकीची शक्यता सगळ्यात मोठी असते तिथेच सगळ्यात कठोर शिक्षा येते. म्हणून माझ्या मते फाशी थांबायला हवी, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहू नये म्हणूनही पुराव्याची शिस्त कडक व्हायला हवी.

साक्षीदाराची पहिली ओळख, फोटोंचा अल्बम असो की ओळख परेड, सलग व्हिडिओत नोंदली जावी आणि बचाव पक्षाला ती आपोआप मिळावी. फॉरेन्सिक प्रयोगशाळा पोलिसांच्या अधिकाराबाहेर असाव्यात. नमुने शिक्षा संपेपर्यंत जपून ठेवावेत. टेक्सासने 2013 मध्ये एक कायदा केला: ज्या शास्त्राच्या आधारावर शिक्षा झाली ते पुढे खोटं ठरलं, तर कैदी खटला पुन्हा उघडण्यासाठी अर्ज करू शकतो. इतका स्पष्ट मार्ग आपल्याकडच्या जन्मठेपेच्या कैद्यालाही मिळायला हवा.