५डब्ल्यू-३० की ५डब्ल्यू-४०? रोज चालवल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारचे इंजिन ऑईल

या दोन ऑईलच्या डब्यांवरील पहिला आकडा सारखाच असतो आणि तो फक्त थंड इंजिनापुरता लागू होतो. एसएई जे३०० या मानकानुसार ५डब्ल्यू दर्जाच्या ऑईलचा दाटपणा उणे ३० अंश सेल्सिअसला ६६०० मिलिपास्कल-सेकंदांच्या वर जाता कामा नये. इंजिन गरम झाल्यावर ऑईल कसे वागेल हे दुसरा आकडा सांगतो: १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) म्हणजे ३० आणि १२.५ ते १६.३ म्हणजे ४०. दोन्ही गट एकमेकांना चिकटून असल्यामुळे १२.३ चे एखादे ३० आणि १२.८ चे एखादे ४० प्रत्यक्षात जवळजवळ सारखे असतात, तर १२.८ आणि १५.९ ही दोन्ही ऑईल ४० म्हणूनच विकली जातात. त्यामुळे नुसता डब्यावरचा आकडा पाहून एक पातळ आणि दुसरे दाट असे ठरवणे मला पुरेसे वाटत नाही.

स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला खरी गरज असते ती क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये टिकणाऱ्या ऑईलच्या पापुद्र्याची. इंजिन रेडलाइनजवळ, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेजवळ फिरत असताना तिथले ऑईल इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीतील (संप) ऑईलपेक्षा बरेच गरम असते आणि दोन धातूंच्या मधल्या अतिशय अरुंद फटीत ते जबरदस्त ओढले जाते. दाटपणा टिकवण्यासाठी घातलेले लांब साखळ्यांचे पॉलिमर अशा वेळी प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि ऑईल तात्पुरते आणखी पातळ होते. या अवस्थेतील दाटपणा १५० अंशांना मोजतात, त्याला एचटीएचएस (जास्त तापमान आणि जोरदार ओढ असतानाचा दाटपणा) म्हणतात आणि माहितीपत्रकात मी सर्वांत आधी हाच आकडा शोधतो. ३० साठी तो किमान २.९ आणि ५डब्ल्यू-४० साठी किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो. मात्र युरोपातील एसीईए संस्थेच्या सी३ किंवा ए३/बी४ या श्रेणींतील ५डब्ल्यू-३० लाही किमान ३.५ चीच अट आहे, तर ए५/बी५ श्रेणीतील ५डब्ल्यू-३० हे २.९ ते ३.५ च्या दरम्यान ठेवलेले असते. म्हणजे एकाच ग्रेडच्या दोन डब्यांत जो फरक असू शकतो, तो ३० आणि ४० यांच्यातील फरकाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

गाडी रोज ऑफिसला जाण्यायेण्यासाठी वापरली जात असेल, तर ऑईल फार तापण्यापेक्षा पुरेसे न तापण्याचीच अडचण जास्त येते. कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑईल त्याच्या बरेच मागे असते. तोवर दोन्ही ऑईल गरजेपेक्षा दाटच असतात आणि ४० मुळे घर्षण व इंधनाचा खर्च किंचित वाढतो. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑईलमध्ये मिसळते आणि ऑईल पातळ होते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणे किंवा पातळी आपोआप वर सरकणे ही त्याची खूण आहे. यावर उपाय म्हणून अनेक जण थेट ४० वर जातात, पण पेट्रोल त्यातही मिसळतच राहते. अशा गाडीचे ऑईल लवकर बदलणे आणि तिला अधूनमधून लांब पल्ल्यावर नीट तापवून आणणे मला अधिक योग्य वाटते.

ट्रॅकवर किंवा घाटात सतत जोरात चालवल्यावर मात्र ४० आपले मोल दाखवते. साधारण ११ सेंटिस्टोकचे ३० हे १०० अंशांना जितके दाट असते, तितकेच १४ सेंटिस्टोकचे ४० हे सुमारे १० ते १२ अंश अधिक तापल्यावरही असते. ऑईलचे तापमान वारंवार १२० अंशांच्या पुढे जात असेल, तर ही सवड उपयोगी पडते. दाट ऑईल घातल्यावर प्रेशरचा काटा वर सरकतो, पण त्याचा अर्थ बेअरिंगला अधिक ऑईल मिळते असा नाही; दाट ऑईलला वाहताना अधिक अडथळा होतो म्हणून दाब वाढतो, आणि थंड इंजिनात तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादाचे ऑईल मागे परतवतो. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणाही याच ऑईलच्या दाबावर चालते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये नसलेले ग्रेड स्वतःच्या मनाने वापरू नये.

मॅन्युअलमध्ये दोन्ही ग्रेड दिलेले असतील, तर रोजच्या गाडीसाठी मी ३.५ एचटीएचएसचे ५डब्ल्यू-३० निवडेन आणि ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या गाडीसाठी ५डब्ल्यू-४०. एक्झॉस्टमध्ये काजळीचे कण अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असेल, तर ग्रेडच्या आधी श्रेणी पाहावी, कारण ए३/बी४ ऑईलमध्ये राख निर्माण करणारे घटक जास्त असतात आणि ती राख फिल्टरमध्ये साचत जाते. अशा गाडीत ४० घालायचे झाले तरी ते मॅन्युअलने सांगितलेल्या कमी राखेच्या श्रेणीतलेच हवे.