सरकारने आणलेला मासा आणि दोरी बांधलेला बाण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा या तलावांच्या राज्यांत मे-जूनमध्ये एक दृश्य हमखास दिसते. काठालगतच्या उथळ पाण्यात माणसे धनुष्य सज्ज करून उभी असतात. बाणाला दोरी बांधलेली असते, दोरीचे दुसरे टोक धनुष्यावरच्या रिळात असते आणि नजर पाण्यातल्या कार्प माशावर. याला तिकडे बोफिशिंग म्हणतात. बहुतेक राज्यांत मासेमारीचा साधा परवाना काढला की कार्प हवे तेवढे मारता येतात. याच तलावांत वॉलाय किंवा बास हे मासे पकडायचे तर दिवसाला किती, केवढ्या लांबीचे, कोणत्या महिन्यात, सगळे ठरलेले असते. मग कार्पवर असा मोकळा हात का? धनुष्य कोणते घ्यावे, रीळ कोणते बसवावे हे विचारण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, कारण या छंदाची साधने आणि नियम दोन्ही त्याच्या उत्तरातून आले आहेत.

कार्प अमेरिकेचा नव्हे. तो युरोप-आशियातला, मध्य युरोपात मठांच्या तळ्यांत शतकानुशतके पाळलेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नद्यांवर बंधारे झाले, कारखान्यांची घाण पाण्यात आली, स्थानिक मासे घटू लागले. म्हणून १८७१ मध्ये केंद्र सरकारने मत्स्य आयोग नेमला आणि स्पेन्सर बेअर्ड हे निसर्गशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख झाले. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना कार्प घरचा वाटे आणि तो इथेही हवा अशी मागणी होती. सरकारच्या आधी काही जणांनी स्वतःच प्रयत्न केले होते. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाच्या ज्युलियस पॉपे यांनी १८७२ मध्ये जर्मनीतून कार्प आणले. प्रवासात बहुतेक दगावले, पाच लहानगे जगले. त्या पाचांची पिल्ले विकून त्यांचा धंदा उभा राहिला.

सरकारी कार्प आले १८७७ मध्ये. रुडॉल्फ हेसल यांनी जर्मनीहून आणलेले ३४५ मासे २६ मे रोजी बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधल्या तळ्यांत सोडले गेले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन स्मारकाजवळच्या तळ्यांतही त्यांची पैदास सुरू झाली. त्यानंतर जे घडले ते वाचताना आजही थक्क व्हायला होते. शेतकऱ्याने अर्ज करायचा आणि सरकारने रेल्वेच्या खास डब्यातून जिवंत कार्प पाठवायचे! एकट्या १८८३ साली सुमारे २,६०,००० कार्प ९,८७२ अर्जदारांना वाटले गेले. तेव्हा काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, ३०१ मतदारसंघ होते, त्यांपैकी २९८ मतदारसंघांत हा मासा त्या वर्षी पोहोचला. एखादी परकी प्रजाती एवढ्या उत्साहाने, एवढ्या पद्धतशीरपणे देशभर पसरवल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

उत्साह वीस वर्षेही टिकला नाही. शेततळ्यांच्या गढूळ, कोमट पाण्यात वाढलेल्या माशाला चिखलाचा वास येई आणि काटे फार म्हणून अमेरिकी घरांत तो चालेना. तळी दुर्लक्षित झाली, पुरात फुटली, कार्प नद्यांत आणि तिथून तलावांत गेले. शतक संपायच्या आत वाटप थांबले, पण तोवर मासा सगळीकडे झाला होता.

कार्पचा त्रास त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. तो तळाशी तोंड खुपसून चिखल ओढून घेतो, त्यातले किडे-अळ्या आणि बिया गिळतो, उरलेला गाळ बाहेर फेकतो. या उकराउकरीत पाणवनस्पतींची मुळे उखडतात, गाळातला फॉस्फरस पाण्यात मिसळतो, पाणी गढूळ होते आणि खालपर्यंत ऊन पोहोचत नाही, म्हणून उरलेली वनस्पतीही मरते. विस्कॉन्सिनमधला कॉशकोनाँग तलाव कॅनव्हासबॅक बदकांसाठी नावाजलेला होता. ही बदके जिच्यावर जगायची ती पाणवनस्पती कार्प आल्यावर गेली आणि बदकांचे थवेही आटले. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते, त्यामुळे मोठाली जाळी लावूनही मासा हटेना. ओरेगॉनच्या मालहूर तलावात १९५५ मध्ये रोटेनॉन हे विष टाकून कार्प मारले गेले. काही वर्षांत ते पुन्हा भरले.

हाच मासा आपल्याकडेही आहे. १९३९ मध्ये तो श्रीलंकेहून निलगिरीत आला आणि १९५७ मध्ये त्याची बँकॉककडची जात कटकला आणली गेली. महाराष्ट्रातले मत्स्यशेतकरी त्याला सायप्रिनस म्हणतात आणि कटला, रोहू, मृगळ, गवत्या, चंदेरा यांच्या जोडीने तळ्यात सोडतात. साचलेल्या पाण्यात तो स्वतःहून अंडी घालतो, हा गुण शेततळ्यात सोयीचा; काश्मीरच्या सरोवरांत मात्र त्याच गुणाने स्थानिक माशांची जागा खाल्ली. आपल्याकडे बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि सायप्रिनस बाजारात किलोवर विकला जातो. त्यामुळे तो ‘संपवायचा’ मासा आहे ही कल्पनाच इथल्या माणसाला परकी वाटते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हा छंद पहिल्यांदा बघून धक्का बसतो, तो त्यामुळेच.

धनुष्याने मासे मारणे मात्र अमेरिकेने शोधलेले नाही. अंदमानातल्या जारवा आणि ओंगे पुरुषांच्या हातात प्रवाळाच्या उथळ पाण्यात धनुष्यच असते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्येही ही विद्या होती. आजचा छंद वाढला तो शिकारी धनुर्धरांमुळे. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये हरणाच्या शिकारीला धनुष्याचा हंगाम दिला, मग इतर राज्यांनीही. हा हंगाम शरद ऋतूत. वसंतात आणि उन्हाळ्यात धनुष्य खुंटीला टांगून ठेवण्यापेक्षा तलावात कार्प होतेच, तेही सरकारला नकोसे. पाणी साधारण १६ ते २० अंशांवर आले की कार्प अंडी घालायला काठच्या गवतात शिरतात. पाठी पाण्याबाहेर निघालेल्या, दोन-तीन नर एका मादीमागे, पाणी नुसते घुसळून निघते. लांबून आवाजानेच कळते.

सुरुवातीची साधने घरगुती होती. धनुष्याला पुढून पत्र्याचे कडे चिकटपट्टीने बांधायचे, त्यावर दोरी हाताने गुंडाळायची, मासा लागला की हातानेच ओढायचा. आजही असे रीळ मिळते आणि नवशिक्याला चालते. पुढे मासेमारीच्या गळाचे बंद तोंडाचे रीळ धनुष्यावर आले. दोरी झटपट गुंडाळली जाते ही त्याची सोय, पण बाण सोडण्यापूर्वी बटण दाबायचे राहिले तर दोरी सुटत नाही आणि बाण हिसका खाऊन मागे येतो. तिसरा प्रकार बाटलीचा: प्लास्टिकच्या उभ्या बाटलीत दोरी सैल पडलेली असते, बटण दाबायची गरज नाही, सुटताना अडथळा नाही. चाप दाबून मूठ फिरवली की दोरी परत बाटलीत जाते. पहिल्यांदा घेणाऱ्याने हेच घ्यावे असे माझे ठाम मत आहे, कारण घाईत विसरण्यासारखे त्यात काही नाही.

बाण हातात घेतला की तो वेगळ्या कामाचा आहे हे लगेच कळते. भरीव फायबरग्लासचा, टोकासकट शिकारीच्या बाणाच्या तिप्पट-चौपट वजनाचा, आणि मागे पिसे नाहीत. पाण्यात पिसांचा उपयोग नाही, उलट ती बाणाला भरकटवतात. टोकाजवळ दोन-तीन उलटे काटे असतात, ते माशाला आरपार गेल्यावर उघडून बाण अडकवतात. बाण काढायला टोक दोन-चार फेरे सैल करायचे, काटे पुढे उलटतात आणि बाण सरळ मागे निघतो. दोरी जाड विणीची, साधारण २०० पौंड ताण सोसणारी.

सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात लहान आहे. बाणावर पुढे-मागे सरकणारी प्लास्टिकची छोटी कडी असते, दोरी तिला बांधतात. धनुष्य ओढलेले असताना कडी बाणाच्या पुढच्या भागात, धनुष्याच्याही पुढे राहते. बाण सुटला की ती सरकत मागे जाऊन थांबते. पूर्वी दोरी बाणाच्या शेपटीलाच बांधत, म्हणजे ती प्रत्यंचेजवळ लोंबकळायची. कधी प्रत्यंचेत, कधी बाहीच्या गुंडीत अडकायची आणि ताणलेली दोरी तो जड बाण उलट तोंडावर आणायची. अशा अपघातांत माणसांनी डोळे गमावले आहेत, जीवही गेले आहेत. कडी चार पैशांची असते. तिच्याशिवाय बाण सोडूच नये.

धनुष्याचा ताण ४० ते ५० पौंड पुरतो. जास्त असेल तर बाण माशातून तळाच्या चिखलात रुततो. होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याचे पेटंट मिळाले. चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर ताण कमी होतो आणि शिकारी नेम धरून थांबू शकतो. इथे थांबायला वेळ नसतो, मासा क्षणभर दिसतो. म्हणून बोफिशिंगमध्ये साधे वक्र धनुष्य किंवा शेवटपर्यंत सारखाच ताण ठेवणारे कंपाउंड जास्त पसंत केले जाते, आणि बोटे सोलू नयेत म्हणून प्रत्यंचेवर रबरी नळ्या चढवतात.

नेमाची अडचण प्रकाशाची आहे. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो, त्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. दिसतो तिथे मारलेला बाण पाठीवरून जातो. जुने शिकारी एक हिशोब सांगतात: मासा दहा फूट अंतरावर आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली नेम धरा, अंतर किंवा खोली दुप्पट झाली तर तोही दुप्पट. पोलराइज्ड चष्मा पृष्ठभागाची चकाकी कापतो, त्याच्याविना दिवसा काही दिसत नाही.

नंतरच्या काळात हा छंद काठावरून होडीवर आणि दिवसातून रात्रीत गेला. सपाट बुडाची होडी, पुढे उंच फळी, तिच्याभोवती दिव्यांची रांग. आधी हॅलोजन आणि सोडियम, आता एलईडी. उथळ पाण्यातला प्रत्येक मासा उजेडात दिसू लागला, आणि खरी काळजी इथूनच सुरू होते.

कारण कायद्याने कार्पच्या रांगेत, ‘नको त्या’ माशांत, तिथले मूळचे मासेही बसवले होते. बिगमाउथ बफेलो हा त्यातलाच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिनेसोटातल्या एका बफेलोचे वय ११२ वर्षे निघाले. म्हणजे गाड्या रस्त्यावर नवलाच्या होत्या तेव्हा जन्मलेला मासा. गळाला लागलेला मासा परत सोडता येतो, बाण लागलेला नाही. शंभर वर्षे जगणाऱ्या माशाची भर इतकी मंद असते की एका रात्रीत केलेली हानी भरून यायला पिढी जाते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त लागते ते हेच: परका मासा आणला सरकारने, आणि त्याची शिक्षा भोगली शेजाऱ्याने.

बदल होत आहेत. टेक्सासने २००९ पासून ॲलिगेटर गार या देशी माशाला दिवसाला एकाची मर्यादा घातली. मिनेसोटाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये देशी माशांना परक्या कार्पपासून कायद्यात वेगळे केले.

धनुष्य घेऊन तलावावर जाणाऱ्याने कार्प आणि बफेलो यांतला फरक पाठ करावा. कार्पच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, बफेलोला एकही नसते. रात्री वरून मिशा दिसत नाहीत, तेव्हा रंग बघावा: कार्प सोनेरी-पितळी, बफेलो राखाडी. रंग नीट कळला नाही तर बाण सोडू नये. मारलेले मासे काठावर टाकून जाणेही अनेक राज्यांत गुन्हा आहे, म्हणून ते खायला, खताला किंवा आमिषाला नेण्याची सोय होडी पाण्यात घालण्याआधीच करून ठेवावी.