आधी छप्पर, मग तण

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नद्यांच्या काठचा जो बोरू आज खर्च करून उपटून काढावा लागतो, तो तिथे चुकून उगवलेला नाही. स्पॅनिश वसाहतीच्या काळात तो मुद्दाम आणून लावला गेला. पाटांचे काठ ढासळू नयेत आणि छपराला सामान मिळावे, असे दोन्ही हेतू होते. १८२०च्या सुमारास लॉस एंजेलिस नदीकाठी तो इतका माजला होता, की घरे शाकारायला लोक तिथूनच कापून नेत. आक्रमक बोरू कापून त्यापासून घरे बांधावीत, म्हणजे तणही हटेल, ही कल्पना हल्ली नवी म्हणून मांडली जाते. कॅलिफोर्नियात तरी क्रम उलटा होता : बांधकामाचे सामान आधी, तण नंतर.

हा बोरू म्हणजे अरुंडो डोनॅक्स. क्लॅरिनेट या वाद्याची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पट्टी, याच्याच कांड्यापासून करतात. अमेरिकेत त्याला रुजणारे बी धरत नाही, पण त्याचे काही अडत नाही. पुरात जमिनीखालच्या खोडाचा तुकडा सुटतो, वाहत जाऊन कुठेतरी अडकतो आणि तिथे नवे बेट धरतो. दुसरा बोरू दलदलीतला, फ्रॅग्माइटीस ऑस्ट्रॅलिस. त्याचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ कुंपण.

दोघांचाही बांधकामाशी संबंध फार जुना. इराकमधल्या उरुक इथल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी कुंडावर बोरूची झोपडी आणि तिच्या दोन्ही अंगांना मेंढ्या कोरलेल्या आहेत. ते कुंड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच देशाच्या दक्षिणेकडच्या दलदलीत ‘मुधीफ’ नावाची बैठकघरे अजून बांधली जातात. बोरूच्या जाड मोळ्या समोरासमोर रोवायच्या, शेंडे वाकवून एकमेकांना बांधायचे, की कमान तयार. खिळा एकही लागत नाही. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने गिलाव्याच्या छताची कृती सांगताना ठेचलेला ग्रीक बोरू बांधायला सांगितले आहे, आणि तो मिळाला नाही तर दलदलीतला बारीक बोरू आणायला. जर्मनीतल्या जुन्या घरांतही छताचा गिलावा धरून ठेवायला बोरूच्या चटया ठोकलेल्या सापडतात.

बोरू या कामाला चालतो, कारण कांडे पोकळ असते आणि आत कोंडलेली हवा थंडी-उष्णता अडवते. सालीत सिलिका असल्याने ते लवकर कुजत नाही. उत्तर युरोपात छपरावर त्याचा थर साधारण फूटभर जाड देतात आणि पाखे निदान ४५ अंश उतरते ठेवतात, म्हणजे पाणी वरच्या वर निथळते. डेन्मार्कमध्ये रीबेजवळ २०१७ साली खुल्या झालेल्या वाडेन समुद्र केंद्रात तर छपराबरोबर भिंतीही अशाच मढवल्या आहेत.

मग हा दलदलीतला बोरू तण कसा ठरला? उत्तर अमेरिकेत फ्रॅग्माइटीस मुळातलाच आहे, म्हणून त्याच्या पसरण्याकडे बराच काळ कुणी संशयाने पाहिले नाही. २००२ मध्ये संशोधक क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल यांनी वनस्पतिसंग्रहांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए आजच्या झाडांशी ताडून पाहिला, तेव्हा दिसले की पसरणारा वाण बाहेरून आलेला आहे. दिसायला सारखाच, त्यामुळे स्थानिक वाणाच्या आड तो शंभर वर्षे लपून राहिला. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या कित्येक तळ्यांकाठी बोरूची बेटे मरत होती.

कापून कापून बोरू हटतो का? रुमानियाने १९५०च्या दशकात डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशातला बोरू कागदाच्या लगद्यासाठी यंत्रांनी कापायला घेतला. अवजड यंत्रांखाली जमिनीतली खोडे चेपली आणि उत्पन्न घटत गेले. तण मारायचे असते तर याला यश म्हटले असते. पण त्या पायी दलदलीचीही नासाडी झाली.

माझ्या मते खरी अडचण हंगामाची आहे. छपराला लागतो हिवाळ्यातला बोरू : पाने झडलेला, वाळलेला. तोवर झाडाने आपला सगळा अन्नसाठा जमिनीखालच्या खोडात नेऊन ठेवलेला असतो, त्यामुळे ही कापणी त्याला जवळजवळ जाणवतही नाही. उलट मोकळ्या जागेत ऊन पडून वसंतात कोंब जोमाने येतात. बोरू खरोखर मारायचा तर उन्हाळ्यात, हिरवा असताना, पाण्याखालून कापावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. असा हिरवा माल शाकारणीच्या कामाचा नाही. तो सुकवून, चिरडून दाबफळ्या करता येतात, पण त्याला गिरणी लागते, आणि गिरणीला दरवर्षी माल लागतो. शिवाय अरुंडोच्या बाबतीत कापलेला माल हलवतानाही जपावे लागते, कारण ओल्या जमिनीवर गळून पडलेले एखादे पेरही मूळ धरते.