सीमारेषेवरील झेल

क्रिकेटमध्ये चेंडू हवेत सीमारेषेच्या बाहेर गेला म्हणून षटकार होत नाही. तो सीमेवर किंवा सीमेपलीकडे टेकावा लागतो, किंवा सीमेला वा पलीकडच्या जमिनीला टेकलेल्या क्षेत्ररक्षकाच्या अंगाला लागावा लागतो. नियम १९ (सीमा) आणि ३३ (झेल) यांनुसार झेल चेंडूच्या पहिल्या स्पर्शापासून सुरू होतो आणि चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आल्यावर संपतो. मधल्या काळात चेंडू हातात असताना बुटाचे टोक सीमेच्या दोराला घासले तरी षटकार. २०१९च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ट्रेंट बोल्टने बेन स्टोक्सचा झेल पकडला, पण चेंडू सहकारी मार्टिन गप्टिलकडे सोडण्याआधीच त्याचा पाय दोरावर पडला होता.

पहिल्या स्पर्शाची अट कडक आहे: त्याआधीचा जमिनीशी शेवटचा संपर्क पूर्णपणे सीमेच्या आत हवा. बाहेरून धावत येऊन, उडी मारून चेंडू अडवणे चालत नाही. खरी पळवाट पुढे होती. चेंडूला एकदा आतून स्पर्श झाला की बाहेर जाऊन, दर वेळी हवेत असतानाच, तो कितीही वेळा वर उडवता येई. २०२० मध्ये बिग बॅश या ऑस्ट्रेलियातील टी-२० स्पर्धेत मॅथ्यू वेडचा चेंडू मॅट रेनशॉने आधी आतून वर उडवला, मग बाहेरून उडी मारून आत ढकलला, स्वतः बाहेरच उतरला आणि टॉम बँटनने झेल घेतला. २०२३ मध्ये मायकेल नेसरने घेतलेल्या जॉर्डन सिल्कच्या झेलावरही असाच वाद झाला. दोन्ही झेल तेव्हाच्या नियमांत बसत होते. सीमेबाहेर उड्या मारणाऱ्याला बळी मिळणे मात्र प्रेक्षकांना पटेना, आणि ते रास्तच होते.

क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने त्यावर मर्यादा घातली. बाहेर गेलेल्या क्षेत्ररक्षकाला हवेत असताना चेंडूला एकदाच हात लावता येतो. त्यानंतर त्याने आतच उतरायचे आणि तो चेंडू मृत होईपर्यंत, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ संपेपर्यंत, आतच राहायचे. चेंडू सहकाऱ्याकडे ढकलून स्वतः बाहेर उतरला, तर सहकाऱ्याने पकडला तरी सीमापार धावाच मिळतात. आंतरराष्ट्रीय क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीने हा बदल जून २०२५ पासून लागू केला. आतून चेंडू वर उडवायचा, बाहेर जायचे, परत आत येऊन झेलायचा, हे मात्र आजही वैध आहे. २०२४च्या टी-२० विश्वचषक अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल असाच घेतला.

त्या झेलावरचा आक्षेप वेगळा होता: दोराच्या आधीच्या जागेची खूण वाटणाऱ्या, गवतावरच्या पांढऱ्या पट्ट्यापासून दोर सरकलेला आहे. सामन्यादरम्यान सीमेची वस्तू हलली, तर सीमा मूळ जागीच धरली जाते आणि शक्य तितक्या लवकर ती वस्तू परत ठेवायची असते. पट्टा जुन्या सामन्याचाही असू शकतो, म्हणून नुसता पट्टा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. दोर किंवा फोमचा ठोकळा असेल, तर जमिनीला टेकलेल्या भागाची मैदानाकडची कड हीच सीमा. ठोकळ्याला कुठेही स्पर्श झाला तरी तो सीमेचाच स्पर्श. टीव्हीवर चित्रण पाहून निर्णय देणारा तिसरा पंच म्हणूनच बुटाची जागा नव्हे, तर बूट व ठोकळा यांमधली फट शोधतो. कॅमेरा समोरून असेल तर ही फट कळत नाही. सीमेला समांतर बसवलेला कॅमेराच उपयोगी पडतो. कॅमेरेच नसलेल्या सामन्यात मैदानी पंच पन्नास-साठ मीटरवरून पाहतो, आणि तिथे हा नियम कितीही नेमका असला तरी निर्णय बहुधा क्षेत्ररक्षकाच्या प्रामाणिकपणावर सोडला जातो.