पाठीवरचं छिद्र आणि मज्जारज्जूतला पू : पार्श्वभूमी

मज्जारज्जूच्या आत पू साठल्याची पहिली वैद्यकीय नोंद 1830 सालची आहे. पुढची शंभर वर्षं हा आजार बहुधा शवविच्छेदनातच उघडकीस यायचा. पाठीच्या मध्यरेषेवरचं जन्मजात छिद्र आणि आतला संसर्ग यांची सांगड विसाव्या शतकात बसली. कमरेखालच्या छिद्रातून जंतू शिरून झालेला मेंदूज्वर 1926 साली नोंदला गेला आणि 1934 मध्ये त्वचेपासून आत जाणाऱ्या या नळीला 'कंजेनायटल डर्मल सायनस' असं नाव मिळालं. प्रतिजैविकांआधी छापून आलेल्या रुग्णांपैकी दहातले नऊ दगावले होते. 1977 नंतरच्या दोन दशकांत मृत्यूचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं. मूल वाचू लागलं, पण पाय आणि लघवीवरचा ताबा परत मिळेलच असं नव्हतं, आणि आजही नाही.

खरा फरक पडला तो 1980 च्या दशकाअखेर एमआरआय आल्यावर. त्याआधी कण्यात रंगद्रव्य सोडून क्ष-किरण काढत आणि छिद्राचा माग घ्यायला कुणी कुणी त्यात सळई घालत. सळई किंवा रंगद्रव्य छिद्रात घालणं म्हणजे बाहेरचे जंतू स्वतःच्या हातानं आत पोचवणं. ते आता निषिद्ध मानतात. एमआरआयमध्ये मज्जारज्जू कुठवर उतरला आहे, नळीच्या टोकाशी डर्मॉइडची, म्हणजे आत अडकलेल्या त्वचेच्या पेशींपासून वाढणारी, गाठ आहे का, पू किती मणक्यांपर्यंत पसरलाय, हे एकाच बैठकीत दिसतं. तरी चरबीतून जाणारी बारीक नळी त्यातही निसटते, म्हणून 'एमआरआय नॉर्मल आहे' या वाक्यावर विषय संपत नाही.

या सगळ्यात सर्वाधिक वाद झाला तो कुठल्या खळीची तपासणी करायची यावर. माकडहाडाजवळ छोटी खळी शेकडा दोन ते चार नवजात बाळांत असते आणि तिचा मज्जारज्जूशी काही संबंध नसतो. सगळ्यांची सोनोग्राफी करायची तर रांगा लागतील आणि आईबापांच्या जिवाला उगाच घोर. म्हणून 1998 च्या सुमारास एक माप रूढ झालं: खळी 5 मिलिमीटरपेक्षा लहान, मध्यरेषेवर, गुदद्वारापासून 2.5 सेंटिमीटरच्या आत आणि त्वचेवर दुसरी कुठलीही खूण नाही, तर तिला निरुपद्रवी समजायचं. सोपं माप म्हणून ते लगेच तोंडात बसलं. पण कमी दिवसांच्या चिमुकल्या बाळाला आणि साडेतीन किलोच्या बाळाला एकच 2.5 सेंटिमीटर कसं लावायचं? शिवाय घाईच्या ओपीडीत चार अटींतली शेवटची अट हमखास गळते, आणि घात नेमका तिथेच होतो. भोवती लालसर डाग, केसांचा पुंजका, छिद्रातून डोकावणारा एखादा केस किंवा कधीमधी येणारा ओलावा, यातलं काहीही दिसलं तर टेप बाजूला ठेवावी. खळी नितंबांच्या फटीच्या आत आहे की वर, हा प्रश्न आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे. फटीच्या वरच्या छिद्राचा तपास व्हायलाच हवा, मग बाळ कितीही गुटगुटीत असो.

या नळ्या मुळात होतात त्या गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात. एकाच थरातून निघालेली त्वचा आणि मज्जासंस्था वेगळ्या होताना एखाद्या जागी चिकटून राहतात. नंतर कणा मज्जारज्जूपेक्षा झपाट्यानं वाढतो, त्यामुळे कमरेजवळची नळी त्वचेखाली तिरपी वर चढते. बाहेरचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं आणि आतला शेवट मणकाभर-दोन मणके वर, असं म्हणूनच दिसतं.

लक्षणं नसलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करावी का, यावर एकेकाळी मतभेद होते. थांबण्याच्या बाजूनं फारसं काही उरलेलं नाही. निर्जंतुक अवस्थेत नळी त्वचेपासून शेवटापर्यंत सोडवता येते. मज्जारज्जूचं बाहेरचं आवरण उघडून आत बघितल्याशिवाय ती तिथेच संपते असं धरायचं नाही, हा यातला जुना धडा. एकदा पू झाला की डर्मॉइडचं कवच मज्जातंतूंना घट्ट चिकटतं, पूर्ण काढता येत नाही आणि गाठ पुन्हा वाढते. शिवाय मज्जारज्जूवर चीर देऊन पू काढायचा आणि पुढे आठवडेच्या आठवडे शिरेतून प्रतिजैविकं द्यायची. पुवात स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, प्रोटियस असे जंतू सापडतात, बरेचदा एकत्र.

आपल्याकडे उशीर होण्याचं आणखी एक कारण क्षयरोग. चालणारं मूल अचानक उभं राहायला तयार नाही, ताप आहे, लघवी अडलीय, म्हटल्यावर आधी क्षय आठवतो आणि तो आठवावा अशीच परिस्थिती आहे. पण वारंवार मेंदूज्वर होणाऱ्या मुलाची पाठ, मानेपासून फटीपर्यंत आणि डोक्यामागेही केस बाजूला सारून, सुईआधी बघायला हवी. अशा मुलात मज्जारज्जू खाली ओढलेला असू शकतो आणि नेहमीच्या जागी पाठीतलं पाणी काढायला घातलेली सुई थेट गाठीत किंवा पुवात जाऊ शकते.

सरकारी पातळीवर मुलांच्या जन्मजात दोषांची पद्धतशीर तपासणी 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तीही पालघरहून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून. त्यात तपासायच्या दोषांच्या यादीत मज्जानलिकेचे (गर्भातल्या ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिचे) दोष आहेत. उघडी गाठ असलेलं बाळ प्रसूतिगृहातच लक्षात येतं. त्वचेनं झाकलेल्या दोषासाठी मात्र बाळाला पालथं करून उजेडात बघावं लागतं, आणि सोनोग्राफी करायची तर पहिल्या तीन-चार महिन्यांतच, कारण नंतर मणक्यांची हाडं घट्ट होतात आणि ध्वनिलहरी आत पोचत नाहीत.