घट्ट बसलेल्या सांध्यातूनही पाणी का शिरतं?

टूथब्रशच्या दांड्यावरची मऊ रबरी पट्टी नखाने उचकटून पाहा. सहसा निघत नाही, आणि तिच्याखाली गोंदही नसतो. आधी कडक प्लॅस्टिकचा दांडा तयार होतो, मग त्यावर वितळलेलं मऊ प्लॅस्टिक साच्यात दाबाने भरलं जातं. हेच ओव्हरमोल्डिंग. ब्रशची पट्टी जागेवर राहिली की काम भागलं. गाडीच्या सेन्सरचं मात्र तेवढ्यावर भागत नाही, तिथे सांध्यातून पाण्याचा थेंबही आत जायला नको. घट्ट धरून ठेवणं आणि पाणी अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गळके सांधे बहुतेकदा पहिलं काम चोख करत असतात, म्हणून तर ते फसवतात.

प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. दोन थर खरोखर एकजीव व्हायचे तर एकाच्या साखळ्या दुसऱ्यात शिरून गुंतायला हव्यात. गर्दीतून वाट काढणारी अशी साखळी सापासारखी सरपटत पुढे जाते, हे चित्र फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी 1971 मध्ये मांडलं. (1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं.) पण बहुतेक प्लॅस्टिक जोड्यांना एकमेकांत मिसळायचंच नसतं. साखळ्या जितक्या लांब, तितकी ही नाखुशी जास्त. म्हणून जोडी पारखून घ्यावी लागते. टीपीयू हे रबरासारखं प्लॅस्टिक एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकांवर छान धरतं, पॉलिप्रॉपिलीनवर मात्र सालीसारखं सुटून येतं.

मग दोन्हीकडे एकच प्लॅस्टिक वापरलं तर? इथेच खरी गंमत आहे. नायलॉन 66 साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळतं. समजा, आतला तयार भाग 80 अंशांवर आहे आणि वरून वितळलेल्या नायलॉनचा 290 अंशांचा रस आला. दोघं भिडतात तिथलं तापमान साधारण मधोमध, म्हणजे 185 च्या आसपास ठरतं. आतल्या भागाचा पृष्ठभाग वितळतच नाही, उलट त्याला टेकलेला रसच गोठतो. नायलॉनवर नायलॉन, तरी मध्ये फट. डोळ्यांना ती दिसत नाही, पाण्याला सापडते.

यावरचा उपाय मला फार आवडतो. आतल्या भागाभोवती टोकाला निमुळत्या होत गेलेल्या बारीक कडा, म्हणजे मेल्ट रिब, गोल फिरवून ठेवतात. टोकाशी प्लॅस्टिक अगदी थोडं असतं आणि गरम रस त्याला दोन्ही बाजूंनी वेढतो. त्यामुळे बाकीचा भाग थंड राहिला तरी तेवढं टोक वितळून नव्या थरात मिसळतं. कडा सलग हवी. एके ठिकाणी तुटली तर पाणी तिथूनच जाणार. शिवाय रस जिथे पोचेपर्यंत निवतो त्या कोपऱ्यात ती ठेवून उपयोग नाही.

भोकं, खाचा, उलटे कंगोरे यांत अडकवलेला थर ओढून निघत नाही, पण त्यांच्या कडेकडेने पाणी आरामात फिरतं. थंड होताना बाहेरचं वेष्टण आकसून आतल्या भागाला आवळतं, ही मदत खरी. पण ताणाखाली राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू सैलावतं आणि ती पकड वर्षागणिक उतरत जाते. त्यात नायलॉन ओलं असेल किंवा आतल्या भागावर साच्याला लावलेलं सिलिकॉन, हाताचं तेल लागलेलं असेल, तर मुळात सांधाच नीट बसत नाही.

आयपी 67 हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा मिळवायला वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकावी लागते. हे कठीण वाटतं, पण 70 अंशांपर्यंत तापलेल्या बंद डबीवर 20 अंशांचं पाणी पडलं तर? आतली हवा निवते, तिचा दाब सुमारे 15 टक्क्यांनी उतरतो आणि डबी पाणी आत ओढू लागते. ही ओढ दीड मीटर खोलीवरच्या पाण्याच्या दाबाएवढी असते. म्हणजे तापलेल्या दिव्यावरची पावसाची सर त्या परीक्षेपेक्षा कडक ठरू शकते.

केबलची तर वेगळीच खोड. वरच्या आवरणाशी सांधा पक्का बसला, तरी दुसरं टोक ओलं असेल तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून चढत थेट आत पोचतं. म्हणून जिथे हा धोका असतो तिथे आतल्या तारांनाही वेगळं सील करावं लागतं. आणि हवेचा दाब भरून गळती तपासायची ती नव्या कोऱ्या नगावर नाही, गरम-थंडच्या बऱ्याच फेऱ्या झालेल्या नगावर.