‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’, हे बायबलमध्ये कुठे आहे?

कुणी आजारी पडलं की हा निरोप फिरतो: ‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो, असं बायबल सांगतं.’ पाठवणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो.

हे वाक्य बहुधा 1 करिंथकरांस 10:13 (दहावा अध्याय, तेरावी ओवी) वरून आलं आहे. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं हे पत्र. झेपणार नाही अशी ‘परीक्षा’ देव येऊ देणार नाही, असं तिथे आहे खरं, पण त्याच अध्यायात सातव्या ओवीपासून वाचा. मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर असे विषय आहेत, आणि चौदावीत पुन्हा मूर्तिपूजेपासून दूर पळा म्हटलंय. म्हणजे बोलणं मोहाबद्दल आहे: मोहातून निघायची वाट देव ठेवतो.

मग दुःखाचं काय? त्याच मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र उघडा, 1:8. आशिया या रोमन प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) संकटात आम्ही शक्तीपलीकडे दडपलो, जगायचीही आशा सोडली, असं पौल लिहितो. विश्वासात मुरलेल्या माणसाला झेपलं नव्हतं, आणि त्याने ते लपवलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. दवाखान्याच्या बाकावर डबा मांडीवर तसाच धरून बसलेल्या बाईला ‘तुला झेपेल’ म्हटलं, की रडणंसुद्धा तिला विश्वासाची कमतरता वाटू लागतं.

पुढच्याच ओवीत पौल म्हणतो, आमचा भरवसा स्वतःवर नाही, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर असावा म्हणून हे झालं. अकरावीत तो प्रार्थनेची मदत मागतो. गलतीकरांस या पौलाच्याच पत्रात (6:2) तर एकमेकांची ओझी वाहा असं सरळ सांगितलंय.